बाजूला काही ऐकू येत नाही

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या, खोल जागेत लोंबकळायचं, तेलकट दोर तपासायचे आणि ज्या खोक्यात लोक मिनिटभर उभं राहायला कंटाळतात त्याच्या टपावर बसून डबा खायचा, असं त्याचं काम. त्यामुळे असेल, पण त्याला खोकी आवडत नाहीत. स्पीकरची तर मुळीच नाहीत. आवाज खोक्यात कोंबला की तो खोक्यासारखाच बोलतो, हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्याच्या हॉलच्या जवळजवळ मधोमध दोन फळ्या उभ्या आहेत. जुन्या कपाटाची दारं आहेत ती. प्रत्येकीला मोठं भोक, त्यात बंद पडलेल्या थिएटरातून आणलेला ताटाएवढा स्पीकर आणि वर एक लहान. मागे काही नाही. मागून पाहिलं तर लोहचुंबक, वायरी, सगळं उघडं. आवाज मागूनही तितकाच निघतो, त्यामुळे या फळ्या भिंतीला टेकवून चालत नाही. पाहुण्यांनीच वळसा घालून जायचं. मी एकदा त्यातल्या एकीवर ओला टॉवेल टाकला, तर दादाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पण या फळ्या नुसत्या हौसेपोटी आल्या नव्हत्या. वहिनी शिवणाचे वर्ग घ्यायची, आणि ती हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. एकदा ती जिन्यावरून पडली. डोक्याची जखम भरली, पण तेव्हापासून तिला आवाज सहन होईना. ताटलीवर चमचा पडला तरी ती डोकं धरून मटकन खाली बसायची. हळूहळू कमी होईल, डॉक्टर म्हणाले. कमी काही झालं नाही. दारावरची बेल काढली, खुर्च्यांच्या पायांना जाड कापड चिकटवलं, मिक्सर माझ्या घरी आला. आणि दादाची गाणी बंद झाली.

त्याने हेडफोन लावून पाहिले. एक दिवस वहिनीला चक्कर आली, तिने हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. उठला तेव्हा ती बाथरूमच्या दारात पडलेली सापडली. हेडफोनच्या बाबतीत त्याने कानाला खडा लावला. मग तो कामावरून परस्पर त्याच्या जोडीदार मेकॅनिककडे जायला लागला. तिथे गाणी ऐकायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. वहिनी संध्याकाळभर एकटी. ती चकार शब्द बोलली नाही. तिच्या वाटचं मी बोलले, पण दादा माझं बोलणं या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो.

मग कुठून तरी त्याला या उघड्या स्पीकरांचं कळलं. स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो, आणि हे दोन उलटे आवाज फळीच्या कडेला भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे बरोबर बाजूला उभं राहिलं तर काही ऐकू येणार नाही. मला ही थाप वाटली. त्याने एक फळी गच्चीवर नेली, गाणं लावलं आणि मला तिच्याभोवती फिरवलं. समोर दणदणीत. चालत बाजूला आले तसं गाणं बारीक होत गेलं आणि फळीच्या कडेसमोर जवळपास गेलंच. मी खुळ्यासारखी पुन्हा पुन्हा फिरले. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या दिवशी केलं.

खाली हॉलमध्ये त्याने दोन्ही फळ्या दोरी धरून एका रेषेत उभ्या केल्या, आणि त्या रेषेच्या टोकाला, खिडकीपाशी, वहिनीची आरामखुर्ची ठेवली. गाणं लावलं. काही ऐकू येतंय का, म्हणून विचारलं. वहिनीने मान तिरकी केली. शेजारी कुणीतरी पुटपुटतंय इतकंच, म्हणाली. दादा हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून सरळ घरी यायला लागला. दोन वर्षं असं चाललं. नवरा असावा तर असा, हे मी ज्याला त्याला सांगत सुटले.

गेल्या महिन्यात दादाच्या डोक्यात आलं की फळ्या आणखी मोठ्या केल्या तर खालचे सूर भरून येतील. लाकूडही आणून ठेवलं. मी रविवारी गेले तेव्हा तो डोळे मिटून गाणं ऐकत होता आणि वहिनी आंघोळीला गेली होती. माझी पाठ भरून आली होती, म्हणून मी तिच्या खुर्चीत टेकले. त्या खुर्चीत तिच्याशिवाय कुणी बसत नाही. गाणं चालू असताना दादाही कधी बसला नव्हता. कसा बसणार? तेव्हा ती तिथे असायची आणि तो त्याच्या जागेवर.

मला सगळं ऐकू आलं. समोरच्याइतकं मोठं नाही, पण सगळं. खिडकीच्या काचेवरून येत होतं, मागच्या भिंतीवरून येत होतं, छतावरून येत होतं. गच्चीला भिंती नव्हत्या. घराला आहेत. एवढी साधी गोष्ट ना त्याच्या डोक्यात आली, ना माझ्या. ढोलकीची थाप तर कानामागे येऊन बसत होती. माझा हात खुर्चीच्या हातावर होता. खालच्या बाजूला बोटं लागतात तिथे रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आला होता. नखांनी फाटलं होतं ते.

वहिनी बाहेर आली, मला तिथे बघून थबकली आणि हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"ह्यांना सांगू नकोस."

"अगं, दोन वर्षं तू हे..."

"दोन वर्षं हे संध्याकाळी घरी आहेत," वहिनी म्हणाली.

मूग गिळून बसणं माझ्या स्वभावात नाही. त्यात ते नवीन लाकूड डोळ्यांसमोर दिसत होतं. मी तशीच हॉलमध्ये गेले आणि दादाला म्हटलं, ऊठ आणि तिच्या खुर्चीत बस. त्याला वाटलं मी खोडी काढतेय. हसत हसतच बसला. मग त्याची मान खिडकीकडे वळली, मग मागच्या भिंतीकडे. हसू गेलं. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग उठून त्याने बंद केलं.

वहिनी दारात उभी होती. कधीपासून, त्याने विचारलं. पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. तो चिडला नाही. पेचकस आणून वायरी सोडवायला लागला. मला वाटलं, चला, बरं झालं, एकदाचं खरं काय ते बाहेर आलं. मी चहासुद्धा टाकला.

"राहू द्या ते," वहिनी म्हणाली. "नुसते बसा ना इथे."

दादा बसला. तिच्यासमोर स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. गोळी घेतली का, त्याने विचारलं. खिडकी लावू का, विचारलं. मग त्याच्याकडे विचारायलाही काही उरलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला बरंच काही करायचं होतं तिच्यासाठी, ते दिसत होतं. कसं करायचं तेच त्याला येत नव्हतं. शेवटी तो अगदी साधेपणाने, रस्ता विचारावा तसा बोलला.

"गाणं नसलं तर मी इथे काय करू गं?"

दादा हेच म्हणणार, हे वहिनीला दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं. म्हणून तर ती तेव्हा म्हणाली होती, शेजारी कुणीतरी पुटपुटतंय.

"लावा," ती म्हणाली. "हळू लावा."

दादा उठला. मग त्याने सोडवलेल्या वायरी परत जोडल्या आणि गाणं लावलं, अगदी बारीक. स्वतःच्या जागेवर मात्र गेला नाही. तिच्या खुर्चीला पाठ टेकून जमिनीवर बसला. वहिनीने डोळे मिटून घेतले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांकडे बघवेनाही. मी गॅस बंद केला, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.