पान एक्काहत्तर, पान बहात्तर

गेल्या श्रावणातला दुसरा रविवार, सकाळी दहा. पानं एकशे बारा. हजर तिघे: सर, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, आणि मी. जागा, तिसगावात सरांचा ओटा.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बोलता बोलता तांब्यावर फुलपात्र पालथं घालायचे आणि म्हणायचे, "निसर्ग अब्रू झाकतो."

त्यामागे त्यांचं गणित होतं. कृष्णविवरात प्रमाणाबाहेर विद्युतभार कोंबला, तर त्याचं झाकण उडावं आणि जिथे सगळे नियम संपतात ते आतलं टोक उघडं पडावं. सरांचं म्हणणं, बारीक क्वांटम परिणाम ऐन वेळी भार मागे ढकलतात, झाकण टिकतं. हे मांडायला सतरा वर्षं गेली. परदेशी नियतकालिकाने लेख स्वीकारला होता. छापण्याआधी एकदा तपासून धाडायचा, इतकंच उरलं होतं.

मी साखर कारखान्यातला हिशेब तपासनीस. म्हणालो, "सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तुमाला बोलावलं. फिजिक्स बघू नका, आकडे बघा."

हिशेबात चूक बहुधा पान उलटताना होते, खालचं वर नेताना. म्हणून मी फक्त पानांचे तळ आणि माथे जुळवत गेलो. एक्काहत्तराच्या तळाशी वजा होतं. बहात्तराच्या माथ्यावर त्याच पदाला अधिक.

सरांनी चष्मा पुसला. बहात्तरपासून पुढचं सगळं पुन्हा सोडवलं. आठ दिवसांनी म्हणाले, "भार आत ओढला जातोय. झाकण उडतंय."

कारखान्यात मी आठ आण्यांसाठी व्हाउचर परत पाठवायचो. तोच मी म्हणालो, "जाऊ द्या की सर. हे वाचणारे जगात दहा जण. त्यांनाही पान उलटायची घाई."

"व्हय, भावजी बरोबर बोलत्यात," काकू म्हणाल्या. "सतरा वर्सं का थोडी हायेत?"

सर हसले. "झाकायची मुभा निसर्गाला. मला न्हाई."

लेख मागे घेतल्याचं पत्र त्यांनी आमच्यासमोरच धाडलं. त्यानंतर तांब्या उघडाच असायचा. काकू माश्या बसतात म्हणून कुरकुरायच्या.

माघात सर गेले. तेराव्यानंतर काकूंनी दुरुस्त प्रत माझ्या हातात दिली. सवयीने आधी शेवटचं पान बघितलं. तिथे आभाराची एकच ओळ होती. सरांनी आयुष्यात कुणाचं काही ठेवलं नव्हतं. एवढंच देणं राहिलं असावं. चुकतं केलं होतं, माझ्या नावे, पानांच्या क्रमांकासकट.