मयुराची मोत्यांची वेल

शालिकराम एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ! उभा जन्म लकडगंजातल्या लाकडाच्या टालीवर गेला, आता काम सुटलं तरी अंगातली चुळबुळ सुटेना. त्यात या उन्हाळ्यात जिवाला नवा घोर लागला, लेकीच्या वेलीचा.

मयुरा त्याची एकुलती एक. नोकरीसाठी बंगळूरला निघाली, तेव्हा यानं घर डोक्यावर घेतलं. "गेली तर मले फोन करू नको," म्हणाला. बोलून बसला शहाणा! जाताना तिनं खिडकीतली टांगती कुंडी दिली, ती या रागावलेल्या बापाच्याच हाती. हिरव्या मण्यांच्या माळा लोंबाव्यात, तशी वेल. "माती वाळल्याशिवाय पाणी नका देऊ, बाबा," एवढंच बोलली. मग दर रविवारी फोन.

"वेल कशी आहे?"

"मस्त आहे."

झालं, फोन आईकडे. पण तेवढ्या आवाजावर गडी आठवडा काढायचा. वेल गेली की फोनही गेला, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

अशात नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. लेकीच्या सांगण्यावरून पाण्याचा थेंबही हात राखून देणाऱ्या या बहाद्दराला वेलीचे हाल बघवेनात. त्यानं कूलरचं तोंडच खिडकीकडे फिरवलं आणि रात्रंदिवस चालू ठेवला.

"अवो, मी घामानं भिजून राहिली अन् तुमी झाडाले कूलर लावून राहिले!" बायको, कौसल्या, कडाडली.

"तुले काय समजते वं?"

समजत त्यालाच नव्हतं. कूलरच्या ओल्या हवेत माती वाळेचना. मणी पिचपिचीत झाले, देठ काळे पडले, आणि एका सकाळी साऱ्या माळा फरशीवर. शालिकराम खिडकीपासून दारापर्यंत नुसता येरझारा घालत राहिला. रविवारी मयुरानं फोटो मागितला, तर यानं मोबाईलमधला जुनाच पाठवला. पुढच्या रविवारीही तोच. घास गिळवेना, झोप लागेना.

शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. तिसऱ्या रविवारी तिचा फोन घेतल्या घेतल्या म्हणाला, "मयुरा, वेल मेली. म्याच मारली."

"माहीत आहे मले. दोन्ही फोटोंत मागं तुमची तीच बनियन वाळून राहिली आहे."

"मंग तरी फोन काहून करून राहिली वं?"

"काय करू मंग? तुमी दुसरं काही बोलतच नाही."

शालिकराम खिडकीपाशी खाली बसला. मग म्हणाला, "जेवली काय वं तू?"