सडक्या घडाचा क्लोजअप

माझा धाकटा भाऊ दिग्दर्शक झाला तेव्हा घरात कोणाला आनंद झाला नाही, आणि मी निर्माती झाले तेव्हा नवऱ्यानं ताटावरून मानसुद्धा वर केली नाही. "सीझन संपल्यावर काय करायचं ते कर," एवढंच म्हणाला आणि ताक मागितलं. पिंपळगावच्या रस्त्याला आमचं द्राक्षं निवडून डब्यांत भरायचं पॅकहाऊस आहे. बाग तो बघतो, पॅकहाऊस मी बघते, आणि सिनेमा आम्ही दोघंही टीव्हीवर जाहिराती लागेपर्यंत बघतो.

निर्माता म्हणजे नेमकं काय करतो, हे मी भावाला विचारलं होतं. तो नाशिकला एका कॉफीच्या दुकानात बसून पटकथा लिहायचा, दाढी वाढवलेली. म्हणाला, "ताई, पडद्यावर काय दिसणार ते मी ठरवणार. ते दिसावं म्हणून जे जे लागेल ते तू आणायचं." मला काही नवीन वाटलं नाही. लहानपणी आज थालीपीठ खायचं हे तो ठरवायचा, आणि पीठ मी मळायचे. फरक इतकाच की आता त्याला इंग्रजी नावं होती आणि माझं नाव पडद्यावर पहिलं येणार होतं. त्या पहिल्या येण्याला मी भुलले, खोटं कशाला बोलू.

गोष्ट त्यानं आमच्याच पॅकहाऊसवरून उचलली होती. काही वर्षांपूर्वी आमचा एक कंटेनर परदेशातून नापास होऊन आला होता. डब्यांमध्ये सडके घड सापडले. आमच्याकडं प्रत्येक डबीवर ती भरणाऱ्या बाईचा नंबर चिकटवतात, म्हणजे चूक कोणाची ते लगेच कळतं. नंबर सात निघाला. सात नंबरच्या बाईला मी कामावरून काढलं. एवढं भावानं जेवताना कधीतरी ऐकलं होतं. त्यावर त्यानं मालकाच्या जुलमाला कंटाळून मुद्दाम सडका घड भरणारी कामगार स्त्री उभी केली, आणि तिला नायिका केलं. मालक म्हणून मिशीवाला पुरुष घेतला. मी पटकथा वाचली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

कारण ते घड मी भरले होते.

त्या दिवशी कंटेनर दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि शेवटची काही खोकी कमी. बायका जेवायला बसलेल्या. मी सात नंबरच्या टेबलापाशी गेले, बाजूला काढलेले घड उचलले, चांगली बाजू वर करून डब्या भरल्या, आणि तिथंच पडलेले साताचे स्टिकर लावले. पुढं परदेशातून बुरशीचे फोटो आले, तेव्हा एक्स्पोर्टर माझ्या ऑफिसात बसून होता. त्याच्यासमोर मी तिला बोलावलं. ती म्हणाली, "म्या नाय भरल्या काकू." मी म्हणाले, "मग नंबर काय आपोआप चिकटला?" दोन सीझन ती लोकांच्या कांद्याच्या चाळीत राबली. मग मी तिला परत बोलावलं, कारण तिच्यासारखा हात साऱ्या तालुक्यात नाही. माफीबिफी काही नाही. दिवाळीला येवल्याची म्हणून सुरतची पैठणी दिली. तिनं ती घेतली, पण एकदाही नेसली नाही.

आता भाऊ तिची बाजू घ्यायला निघाला होता. बाजू घेता घेता तो ती लबाडी तिच्या माथ्यावर पक्की मारणार होता, तीही सगळ्या जिल्ह्यानं बघावं अशी. आणि ते त्याला सांगू शकणारी मी एकटी, निर्मातीच्या खुर्चीत गप्प बसले होते.

निर्माती म्हणून माझ्याकडं पहिलं काम आलं ते सडका घड मिळवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. सीझन नुकताच संपलेला, शेजारच्या पॅकहाऊसला फोन केला तर तो दुखावला. "आमच्याकडं तसला माल नसतो." दुसऱ्यानं विचारलं, "कोण म्हणालं आमच्याकडं आहे म्हणून?" वणीकडच्या एका बागाईतदारानं तर पुढं दोन दिवस माझा फोन उचलला नाही. अख्ख्या निफाड-दिंडोरीत सडकं द्राक्ष म्हणून नाहीच, असं माझ्या लक्षात आलं. शेवटी मी चांगले घड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात ठेवले. तीन दिवसांत झाले तयार. भाऊ म्हणाला, "ताई, तू बॉर्न प्रोड्यूसर आहेस."

पॅकहाऊसमध्ये दोन दिवस शूटिंग होतं. नायिका नाशिकच्या हौशी नाटकातली, एरवी विम्याच्या ऑफिसात. मागच्या टेबलांवर माझ्याच बायका, नेहमीच्या टोप्या घालून. भावानं सकाळी सगळ्यांना खाली बसवून गोष्ट सांगितली, हातवारे करून, कीर्तनकारासारखी. नायिका सडका घड भरते इथं आला तेव्हा सात नंबरची बाई शांतपणे म्हणाली, "तिनं भरला का नाय, ते कोणी पाह्यलं?"

भाऊ खूश झाला. म्हणाला, प्रेक्षकानं हाच प्रश्न विचारायला हवा. मी चहाचं बघते म्हणून उठले.

शॉट सुरू झाला आणि गोंधळही. नायिकेनं सडका घड डबीत ठेवायचा, डबी पट्ट्यावरून पुढं जायची. पण पुढच्या टेबलावरच्या बाईनं डबी उघडली आणि घड बाहेर काढला. भावानं समजावलं. दुसऱ्यांदा तिच्या पुढच्या बाईनं काढला. तिसऱ्यांदा पट्ट्याच्या टोकाला उभी असलेली, जी फक्त डबी ठेवायला होती, तिनं वास घेऊन काढला. "अहो काकी, हा खोटा खोटा आहे," भाऊ काकुळतीला आला. ती म्हणाली, "सर, खोटा कसा, सडलाय की चांगला." पंधरा वर्षं मी या बायकांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती त्या कॅमेऱ्यासमोरही विसरायला तयार नव्हत्या. मला अभिमान वाटला.

मग भावानं ठरवलं की नुसत्या हाताचा क्लोजअप घेऊ. नायिकेचा हात जवळून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तिनं घड मण्यांना धरला होता. आमच्याकडं घड देठाला धरतात, नाहीतर मण्यावरची पांढरी भुकटी पुसली जाते. खेरीज तिची नखं जांभळी. त्यानं माझ्या बायकांना विचारलं. एक म्हणाली आमच्यानं नाय व्हणार, दुसरीनं हात पदराखाली घेतले. सात नंबरच्या बाईला तो विचारायला गेला, तर तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

"ताई, तू कर," भाऊ म्हणाला.

"मी निर्माती आहे."

"मग? लागेल ते आणायचं काम तुझं. मला एक हात लागतोय."

सगळ्यांसमोर नाही म्हणायला कारण सुचेना. उजेड शटरपाशी चांगला होता म्हणून त्यानं मला सात नंबरच्या टेबलाला उभं केलं. ती बाजूला सरकली, पण लांब गेली नाही. भाऊ म्हणाला, चल. मी देठाला धरून घड उचलला. कात्रीनं दोन मणी उडवले, सडकी बाजू खाली दाबली, चांगली वर आणली, डबीचं झाकण टिचकन लावलं. आणि मग, कोणी सांगितलेलं नसताना, माझा हात बाजूच्या स्टिकरच्या पट्टीकडं गेला. त्या हातानं साताचा स्टिकर सोलला आणि झाकणावर अंगठ्यानं घासून चिकटवला.

"ओके," भाऊ ओरडला. "एका टेकमध्ये. आणि नंबरचं तर मला सुचलंच नव्हतं."

तीस बायका होत्या, त्यांनी तो अंगठा पाहिला होता. माझ्या कानशिलांना चटके बसत होते. मला वाटलं सात नंबरची आता रडेल, किंवा मला शिव्या घालेल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं डबी उचलली, नंबर वाचला, परत टेबलावर ठेवली. मग भावाकडं वळली.

"सर, परत घ्या," ती म्हणाली. "नुसता हातच आलाय. काकूंचं तोंड नाय आलं त्यात."

भावाला आधी समजलं नाही. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं, डबीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. दाढीत हात घालून तसाच उभा राहिला. पडद्यावर काय दिसणार ते तो ठरवणार, असं आमचं ठरलं होतं. पण पहिल्यांदाच त्यानं मला विचारलं, अगदी हळू आवाजात, "ताई, घेऊ का?"

नाही म्हणायचा अधिकार माझा होता. पॅकहाऊस माझं, जेवण माझं, जनरेटर माझा. मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, नवरा काय म्हणेल, एक्स्पोर्टर काय म्हणेल. तिच्याकडं बघवत नव्हतं म्हणून मी टेबलाकडं बघत बोलले.

"घे. आणि नायिकेला सांग, उद्या यायला नको."

मी पॅकहाऊसची टोपी काढली, केस मागं घेतले, शटरच्या उजेडाकडं तोंड केलं आणि डबी उघडली.