भिशीतले युरेनियम

चोवीस मार्च, सकाळची वेळ. रक्कम दोन लाख रुपये. हजर तिघे : मी, ठाणे अंमलदार म्हणून ड्यूटीवर असलेले हवालदार आणि समोरच्या बाकावर बसलेल्या एक बाई. बाईंनी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, आणि तक्रार द्यायची नाही हे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. पोलिसातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता पुसट झाले आहेत. हा गुन्हा मात्र डोक्यातून जात नाही, आणि यात कुणाच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता.

नावे कुणाचीच देणार नाही. बाई नाशिकला इंदिरानगरच्या एका कॉलनीत राहणाऱ्या, एका शाळेत क्लार्क. कॉलनीतल्या वीस बायकांची भिशी त्या चालवायच्या, म्हणून सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. मीही तेच म्हणतो.

"साहेब, तक्रार नाही. फक्त विचारायचं होतं," ताई म्हणाल्या. "ही कंपनी चांगली आहे का?"

त्यांनी पर्समधून एक गुळगुळीत पत्रक काढले. वर वाळवंटात उभ्या असलेल्या ड्रिलिंग मशीनचा फोटो, खाली युरेनियमच्या भावाची चढती रेघ. जगात अणुवीज प्रकल्प वाढणार, मोठमोठ्या कॉम्प्युटर केंद्रांना वीज लागणार, युरेनियम कमी पडणार. परदेशात आमच्या कंपनीचे शोधाचे ड्रिलिंग चालू आहे. आज भागीदार व्हा, दर महिन्याला पाच टक्के घ्या, साठा लागला की दहापट.

"पाच टक्के कशातून?" मी विचारले.

"ड्रिलिंगमधून."

"युरेनियम सापडलं का?"

"नाही, अजून शोधताहेत."

"मग शोधणाऱ्याचा नुसता खर्चच होणार ना, ताई? विकायला काही नाही. दर महिन्याचे पाच टक्के तो आणतो कुठून?"

ताईंनी पत्रक टेबलावर उलटे ठेवले. मग म्हणाल्या, "शाळेत कुणी दहा रुपयांचं व्हाउचर आणलं तरी मी पावती मागते."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. भिशी जानेवारीत सुरू झालेली. महिन्याला दहा हजार, वीस बायका, म्हणजे दोन लाखांची भिशी. सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीचा नंबर ठरवलेला. रिवाजाप्रमाणे पहिली भिशी चालवणारीची, म्हणून जानेवारीची ताईंची; ती केव्हाच खर्च झालेली. मार्चचा नंबर त्यांच्या शेजारणीचा होता. शेजारणीच्या नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलली, तशी ती म्हणाली, ताई, एप्रिलपर्यंत पैसे तुमच्याकडेच राहू द्या, घरात राहिले तर मोडतील. ताईंनी विचार केला, महिनाभर नुसते ठेवण्यापेक्षा पाच टक्क्यांनी दहा हजार वाढतील आणि शेजारणीच्या औषधांना होतील. सख्ख्या भावाने त्या कंपनीत पैसे घातले होते आणि त्याला दोन महिने व्याज आले होते. ताईंना त्यातून एक रुपयाही नको होता. हे मी पुढे भावाच्या आणि शेजारणीच्या जबाबांवरून ताडून पाहिले.

आता शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, आठ एप्रिल. दोन दिवस आधी रक्कम भरायची. ताई पैसे मागायला गेल्या, तर कंपनीचा संचालक म्हणाला, तीन वर्षं पैसे काढता येत नाहीत. वर त्याने दम भरला : भिशी बेकायदा असते; पोलिसांत गेलात तर आधी तुम्हीच अडकाल.

"शेजारणीला अजून सांगितलं नाहीये," ताई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गॅलरीतून विचारते, चहा घेणार का म्हणून."

मी त्यांना सांगितले की बायकाबायकांची भिशी हा माझा विषय नाही, मला तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात गेलेले दोन लाख हवे आहेत. तरी फिर्यादीवर सही करायला त्यांनी एक दिवस घेतला. घरी जाऊन आधी शेजारणीला सांगते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, पण सही स्वच्छ होती.

गुन्हा दाखल केला आणि पंचांना घेऊन संचालकाच्या कार्यालयावर गेलो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणून ठेवलेले, अर्धा तास गाडी जागची हलेना. तेवढ्यात तो पसार होईल असे सारखे वाटत होते. तो तिथेच होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. पूर्वी त्र्यंबक रोडला प्लॉट विकायचा. भिंतीजवळ काचेच्या पेटीत दगडाच्या लांब कांड्या ओळीने मांडल्या होत्या. ड्रिलिंग करताना जमिनीतून असे दंडगोल निघतात, त्यांवरून आत काय आहे ते कळते. पेटीवर परदेशातल्या खाणीचे नाव होते आणि दगडात हिरवट स्फटिक चमकत होते.

बातमी पसरल्यामुळे ताई आणि भिशीतल्या दोघीतिघी आमच्या मागोमाग येऊन पोचल्या होत्या. त्यांतल्या एक अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवायच्या, त्यांना डबेवाल्या काकू म्हणत. काकूंनी पेटीत वाकून पाहिले.

"हे पाहून दोन लाख दिले व्हय ताई तुम्ही? आमच्या गावाला इहीर खणली तवा लय निघालं असलं. म्हशी बांधायच्या तिथं टाकलंय."

"काकू, तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणालो.

"थांबते ना. माझे बी दहा हजार हायेत त्यात. तेवढ्यापुरतं तरी हितं थांबू द्या."

दगड आपल्याकडचाच होता. शहरातल्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांना दाखवला, तर त्यांना हसूच आले. नाशिकच्या काळ्या पाषाणात असे स्फटिक सापडतातच, त्यांचा युरेनियमशी काही संबंध नाही. पुढे चौकशीत निघाले की पुलाच्या पायाच्या चाचणीत काढलेल्या कांड्या संचालकाने एका ठेकेदाराकडून किरकोळ पैशांत आणल्या होत्या. त्या भूवैज्ञानिकांनीच मला हा धंदा समजावून सांगितला. आपल्या देशात युरेनियम हा सरकारचा विषय, म्हणूनच या लोकांना परदेशातली खाण दाखवावी लागते. परदेशात खरोखर शोध घेणाऱ्या कंपन्या आहेत. पण बहुतेक भोके रिकामी जातात. एखादे लागले तरी खाण सुरू व्हायला कित्येक वर्षे जातात. आणि जी कंपनी खरी असते ती आपल्या कागदात स्वतःच लिहिते की तुमचे पैसे बुडू शकतात. संचालकाच्या पत्रकात नेमके हेच वाक्य नव्हते.

न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. लोकांनी दिलेली एकूण रक्कम चाळीस लाखांच्या घरात गेली, आणि खात्यात सापडले सव्वातीन हजार. पैसे कुठे, या प्रश्नाला त्याचे एकच उत्तर ठरलेले : परदेशात पाठवले, ड्रिलिंगला खर्च झाले. परदेशात एक रुपयाही गेला नव्हता, हे बँकेने लेखी दिले होते. तरी तो तेच म्हणत राहिला. माझ्या डोळ्यांसमोर आठ एप्रिल होती. टेबलावरचा चहा निवून जायचा आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचो. हवालदार म्हणायचे, "साहेब, बसा जरा. तुम्ही फिरलात म्हणून तो बोलणार आहे का?"

कोठडीतल्या माणसाचे काही प्रश्न ठरलेले असतात. वकील कधी येणार, घरून डबा आला का, जामीन कधी. हा गृहस्थ दर पाळीच्या पहारेकऱ्याला वेगळेच विचारायचा : आज तारीख काय? पहारेकऱ्यांनी ते हसण्यावारी नेले. एकोणतीस मार्चला मात्र त्याने जेवण परत केले आणि म्हणाला, "साहेब, एक फोन करू द्या. फक्त उद्याचं एक काम आहे, ते झालं की विचाराल ते सांगतो."

मी पुन्हा बँकेचा उतारा उघडला. लोकांकडून आलेल्या रकमा कमीजास्त होत्या, व्याज म्हणून वाटलेल्याही. एकच गोष्ट दर महिन्याला सारखी होती. तीस तारखेच्या आदल्या दिवशी रोख तीन लाख काढलेले. फेब्रुवारीत अठ्ठावीसच्या आदल्या दिवशी. सलग आठ महिने. कर्ज त्याच्या नावावर नव्हते, कार्यालयाचे भाडे चेकने जायचे. रोखीत, ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम माणूस कुठे भरतो? ताईंच्या फिर्यादीची प्रत शेजारीच पडली होती. तीत भिशी हा शब्द मी स्वतःच्या हाताने कितीदा तरी लिहिला होता.

त्याला खोलीत आणून बसवले. परदेश नाही, खाण नाही, मी एवढेच विचारले, "तुझा नंबर कितवा आहे?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "नववा. उद्याच उचलायची होती, साहेब."

बाजारपेठेतल्या दहा व्यापाऱ्यांची ती भिशी. महिन्याला तीन लाख, कागद नाही, सही नाही. त्याने आठ हप्ते भरले होते. तीस मार्चला नवव्या नंबरची भिशी, तीस लाख रुपये, घेऊन तो शहर सोडणार होता.

"बँकेत का नाही ठेवले?" हवालदारांनी विचारले.

"बँकेवर तुमचा डोळा असतो ना."

"आणि व्यापाऱ्यांनी बुडवले असते तर?"

"ते?" त्याला खरेच आश्चर्य वाटले. "ते नाही बुडवत हो. वीस वर्षांची भिशी आहे त्यांची."

युरेनियम विकणाऱ्याने स्वतःचा पैसा युरेनियमच्या जवळपासही नेला नव्हता. ज्या भिशीला तो बेकायदा म्हणून ताईंना घाबरवत होता, तिच्यावरच त्याचा सगळा भरवसा होता.

भिशी सांभाळणारे शेठ सत्तरीचे. दुकानातून उठून तसेच ठाण्यात आले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"पैसा गुन्ह्याचा आहे म्हणता, तर तो मला नको. पण साहेब, बाकीच्या आठ जणांना मी तोंड काय दाखवू? त्याला भिशीत मी घेतला. प्लॉटच्या व्यवहारात चोख होता म्हणून."

दुसऱ्या दिवशी भिशी जमली, तीतून संचालकाच्या आठ हप्त्यांचे चोवीस लाख रुपये त्यांनी पंचांसमक्ष जमा केले. जप्तीचा पंचनामा झाला. रक्कम न्यायालयाच्या ताब्यात गेली.

मी सुटलो असे मला वाटले. तीन एप्रिलला ताई, शेजारीण आणि डबेवाल्या काकू ठाण्यात आल्या.

"साहेब, पैसे सापडले ना?" ताई म्हणाल्या. "मग हिचे द्या. सहा तारखेला भरायचेत."

मी त्यांना समजावले. रक्कम आता न्यायालयाची. सगळ्या ठेवीदारांचे दावे तपासून हिशेबाने वाटप होईल. वर्ष लागेल, जास्तही लागेल. शेजारणीने पदराने खुर्चीचा हात पुसला, उगाचच.

"झालं समाधान?" काकू ताईंवर कडाडल्या. "शिकल्यासवरलेल्या तुम्ही. आम्ही अडाणी बायका तुमच्या भरवशावर. युरेनियम म्हणे. कशाशी खातात ते तरी ठाऊक होतं का?"

"काकू, चुकलं माझं. मी काय बोलू?"

"बोलू नका. ऐका. एप्रिलचा नंबर कुणाचा?"

ताईंनी खाली पाहिले. "तुमचा."

"तो हिला द्या. दोन दिवसांनी भिशी हाय, तशीच नेऊन दवाखान्यात भरा. मी शेवटी जाईन."

"शेवटी भिशीच उरत नाही, काकू," ताई म्हणाल्या. "एक बुडाली ना. शेवटच्या नंबरला काहीच राहत नाही."

"मला काय हिशोब येत नाय व्हय? येतो. ते तुम्ही भरायचं. लागतील तेवढे महिने घ्या, पण भरायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डब्यांसाठी टेंपो घेणार होते, साहेब. जाऊ द्या. रिक्षावाला हायेच, शिव्या खायला."

शेजारीण तेव्हा रडली. काकूंनी तिला दटावले की रडायला घरी जागा आहे, इथे लोक बघतात.

शस्त्रक्रिया आठ तारखेला झाली. माणूस आज हिंडतो-फिरतो आहे.

या प्रकरणानंतर मी एक गोष्ट मनाशी धरली. फसलेल्या माणसाला आपण चटकन हावरट म्हणतो; ठाण्यात तर हा शब्द आमच्या तोंडातच बसलेला असतो. ताई हावरट नव्हत्या. त्यांनी भावाच्या शब्दावर विश्वास टाकला, आणि भावाने दोन महिन्यांच्या व्याजावर. ते व्याज दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या पैशातूनच आले होते. आता कुणी अशी योजना घेऊन माझ्याकडे आले, की मी भाव किती चढणार हे विचारत नाही. या महिन्याचा पैसा कशाच्या विक्रीतून आला, एवढेच विचारतो. उत्तर मिळाले नाही तर गप्प बसत नाही, मग समोर सख्खा मेहुणा असला तरी. मागच्या दिवाळीत तो होताच, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

वाटपाचा आदेश झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. चाळीस लाखांच्या दाव्यांना चोवीस लाख, म्हणजे रुपयाला साठ पैसे. ताईंनी फोन करून कळवले म्हणून मी न्यायालयात गेलो. सोबत काकू होत्या. मधल्या काळात ताईंनी पगारातून महिन्याला पाच हजार असे ऐंशी हजार काकूंना दिले होते, आणि काकूंनी एकदाही नको म्हटले नव्हते.

ताईंच्या नावे एक लाख वीस हजार मिळाले. आम्ही तिघे समोरच्या बँकेत गेलो. ताईंनी तिथेच उभ्याने स्लिप भरली. ती सगळी रक्कम, एक लाख वीस हजार, डबेवाल्या काकूंच्या खात्यात जमा झाली.