टाचेची पट्टी, बाहीचा जोड

जामसांवलीला सापडलेल्या त्या म्हातारीची आठवण निघाली की आजही मला माझंच हसू येतं, थोडी लाजही वाटते.

सौसरकडे ठाणेदार होतो. जामसांवलीच्या मंदिराबाहेरच्या नारळवाल्याचा फोन आला, "साहेब, एक बुढी माय सकाळपासून एकटीच बसून राहिली. घ्याले कोणी येऊन नाही राहिलं."

तिला ठाण्यात आणून मी रीतसर विचारलं: नाव, बापाचं नाव, राहणार. तिनं सगळं चटचट सांगितलं. गाव सावरगाव. लगेच जीपमध्ये बसवलं. वाटेत ड्रायव्हरला म्हणालो, "पाह्य, केस निकाली!" सावरगावात कळलं, तो बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. बाईनं माहेर सांगितलं होतं. भाऊबंद गाव सोडून गेलेले. लेक कुठं दिली, कोणालाच ठाऊक नव्हतं.

परत आणलं. पुन्हा तेच प्रश्न, दुप्पट मोठ्या आवाजात. ती म्हणाली, "ओरडतं काऊन रे बाबू? घरी जाऊ दे. बाबा वाट पाहून राहिला." मी चहा मागवला.

तिच्या टाचेला पट्टी होती, म्हणून महिला शिपायानं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी पट्टी उघडली. "शुगरची जखम आहे. पट्टी कालचीच, शिकलेल्या हाताची. पण साहेब, आज गोळी चुकली असंल तर जड जाईल." पट्टी कुठल्या दवाखान्यातली, ते मात्र त्यांना सांगता येईना.

शिपायांच्या वर्दीचं माप घ्यायला आलेले टेलरमास्तर चष्मा सावरत पुढे आले. "मायच्या बाहीखालचा हा जोड पाहा. असा जोड आमच्या उस्तादाचे चेलेच लावतात. आता एकच उरला, लोधीखेड्यात."

"अन् बाई कोणाच्या घरची?"

"मले काय मालूम? मी कपडे शिवतो साहेब, जनगणना नाही करत!"

नर्सबाईंनी तोवर लोधीखेड्याच्या दवाखान्यात फोन लावलाही होता. शुगर, डावी टाच, रोजची पट्टी. दहा मिनिटांत घर सापडलं.

घरचे सकाळपासून शेतातल्या विहिरी पाहत फिरत होते. सून धावतच ठाण्यात आली. "आत्याबाई, कुठं गेल्ता वो तुमी?" म्हणत ती गोळी भरवत होती, रडत होती. म्हातारीनं तिला ओळखलं नाही. पदर मात्र घट्ट धरला.

रोजनामच्यात तपास माझ्या नावावर चढला. खरं तर मी चहा तेवढा मागवला होता. ज्याला दिसतं, त्याला वेळेवर बोलवावं, एवढं त्या दिवशी शिकलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मी हरवली, तर एकटे नका निघजा मले शोधाले. आधी त्या दोघायले बोलवजा."