नकाशावरच्या सात्या

मागच्या पोळ्याच्या सुमारास चंद्रपुरात रानभाज्यांचा महोत्सव भरला होता. मला तिथे ज्येष्ठ म्हणून बोलावलं होतं. कशात ज्येष्ठ, ते पत्रिकेत लिहिलं नव्हतं. भाज्या सकाळी सातला आल्या, उद्घाटक साडेअकराला आले. तोवर भाज्यांनी माना टाकल्या होत्या. भाषणात मात्र त्यांचा ताजेपणा वाखाणण्यात आला. फीत कापायची कात्री चालेना, तेव्हा उद्घाटकांनी ती हाताने ओढून तोडली, आणि त्या दिवशी माणसाने आपल्या हाताने काही तोडलं असं तेवढंच.

एका टेबलावर पळसाच्या पानावर सात्या मांडल्या होत्या. आयोजकांपैकी एक उत्साही तरुण माझ्याजवळ आला. तुम्ही चामोर्शीकडच्या ना, मग सात्या कुठे कुठे निघतात ते मोबाईलवर टाका, आम्ही सगळ्या जागांचा एक नकाशा करतोय, म्हणाला. मुलगा चांगला होता. मी त्याला सांगितलं, मला एकही जागा माहीत नाही.

हे साफ खोटं होतं. एक वारूळ मला असं माहीत आहे, की डोळे बांधून आमच्या धानाच्या बांधीत सोडलं तरी मी तिथे पोचेन. पण नकाशा हा शब्द ऐकला की माझं बोट अजून मुठीत जातं. साठीला आलेल्या बाईचं असं का होतं, हे त्या मुलाला उभ्या उभ्या सांगता आलं नसतं.

सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी आळिंबी. पोळ्याच्या आगेमागे चार दिवस पाऊस लागून राहतो, मग एक दिवस ढगाळ, घामट उकाडा होतो, आणि दुसऱ्या सकाळी वारुळावर पांढऱ्या, टोकदार कळ्या उभ्या असतात. दुपारपर्यंत त्यांच्या छत्र्या उघडतात, संध्याकाळी त्यांत किडे होतात. म्हणजे वर्षातून दोन-तीन सकाळी, तेही नशीब असेल तर. ज्यांनी त्या खाल्ल्या नाहीत ते म्हणतात, मटणासारख्या लागतात. ज्यांनी खाल्ल्या आहेत ते मटणाबद्दल तसं म्हणत नाहीत.

माय त्या सुरीने कापत नसे. देठाची माती खरवडायची, हळदीच्या पाण्यातून काढायच्या आणि बोटांनी उभ्या चिरायच्या. जवसाचं तेल, कांदा, ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, मीठ. मसाला घातला तर तो मसाल्याचा अपमान नाही, सात्यांचा, असं तिचं मत होतं. झाकण ठेवलं की आधी ओल्या मातीचा वास येई, आणि मग एकदम तो वास बदले. तो बदलला की मी पाटावर जाऊन बसे. तांदळाची भाकर, वर एवढीशी भाजी. वाटणीत माझ्या ताटात नेहमी एक अख्खी, न चिरलेली कळी यायची. लहान म्हणून तो माझा हक्क होता.

सात्याची जागा कोणी कोणाला सांगत नाही. गावात ज्याची त्याची वारुळं ठरलेली. कागदावर काही नाही, पण शेजाऱ्याच्या बांधापेक्षा ती पक्की. बाप मरण्याआधी पोराला दाखवतो. पोरीला दाखवत नाहीत, कारण ती जागा सासरी घेऊन जाईल. आणि जाताना वाटेत कोणी भेटलाच तर उत्तर ठरलेलं.

"कुठी चालले भाऊ, एवढ्या सकाळी?"

"बैल सुटला ना. पाहाले चाललो."

पोळ्याच्या त्या आठवड्यात आमच्या गावात दर घरचा बैल सुटलेला असायचा, आणि तो शोधायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर दोर नसायचा, झोळी असायची. कोणी हसत नसे. विचारणाराही बैलच शोधत असे.

बाबांना मुलगा नव्हता. मोठी ताई, मग आठ वर्षांनी मी. ताई तेव्हा कुरखेड्याकडे दिलेली होती. मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी बाबांनी मला वारुळावर नेलं. नाल्यापलीकडे, मोठ्या येनाच्या झाडामागे, सरळ वाटेने नाही, तर फेर घेऊन. कळ्या दिसल्याबरोबर मी हात वर केला, तर बाबांनी तो खाली दाबला. पाह्य, पण बोट नोको दाखवू, म्हणाले. मग मुळाशी दोन बोटं घालून, बूड मातीत ठेवून, देठ हलकेच पिळून कसा काढायचा ते दाखवलं. तीन कळ्या तशाच ठेवल्या. येताना वेगळ्या वाटेने आलो. मला वाटलं, मला राज्य दाखवलं.

पुढच्या वर्षी मी पाचवीत गेले आणि शाळेत नवे मास्तर आले. दुसऱ्या जिल्ह्यातले, तरुण, मनापासून शिकवणारे. त्यांनी आम्हाला आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितलं. सगळ्यांनी शाळा, देऊळ, विहीर काढली. ग्रामपंचायत देवळापेक्षा मोठी. मी बांधी काढली, नाला काढला, येन, मोह, तेंदू, प्रत्येक झाड वेगळ्या पानांचं. मास्तर म्हणाले होते, जे महत्त्वाचं असेल ते लाल रंगात दाखवा. मला गावात महत्त्वाचं असं एकच ठिकाण माहीत होतं. येनाच्या मागे मी लाल ठिपका दिला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, सात्याचं वारूळ.

माझा नकाशा पहिला आला आणि व्हरांड्यात, दाराशेजारी लागला. वरचे साहेब तपासणीला येणार होते. पाऊस चालू होता, रोवणीनंतरची निंदणी होती, मोठी माणसं शाळेकडे फिरकत नव्हती. यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांनी बोट दाखवू नको म्हटलं होतं, आणि मी बोट दाखवलं नव्हतं.

त्याच दिवसांत ताई माहेरी आली. तिसरा महिना. एरवी मुसळ उचलणारी ताई खाटेवर पडून होती. पोटात काही टिकत नव्हतं. पेज उलटून पडे, वरणाचा वास सोसत नसे. मनगटाची हाडं वर आली होती आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. नर्सबाई येऊन गोळ्या देऊन गेली, त्याही उलटल्या. माय दिवसभर काय काय रांधून तिच्यापुढे ठेवी आणि उचलून नेई. शेवटी मायने विचारलं, तुले वाटते तरी काय खावंसं?

"सात्या," ताई म्हणाली. "बाकी काई नाई."

माय तेवढ्याने उभी राहिली. पोळा चार दिवसांवर होता, आभाळ भरलेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे आभाळाकडे पाहू लागले.

पोळ्याच्या दिवशी तसा ढगाळ उकाडा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा अंधारातच बैल पाहाले गेले. मायने लसूण सोलून ठेवला, तेल काढून ठेवलं. बाबा आले तेव्हा झोळी सपाट होती. कोणीतरी खुरप्याने खणून नेल्या, बुडासकट, एक ठेवली नाही, असं त्यांनी मायला हळू आवाजात सांगितलं. आपल्या इथलं कोणी असं करत नाई, हे ते दोनदा बोलले. खाटेवर ताईने तोंड भिंतीकडे केलं.

मी वेणी घालून शाळेत गेले, कारण त्या दिवशी साहेब यायचे होते.

शाळेला चुना दिला होता. आंब्याच्या पानांची कमान होती. आम्ही आठ मुली स्वागतगीतासाठी उन्हात उभ्या. साहेब तीन तास उशिरा आले. तोवर रांगोळी दोन कुत्र्यांनी तपासून टाकली होती. आम्ही गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला शाळेच्या मागून, मास्तरांच्या खोलीकडून वास आला. आधी मसाल्याचा, आणि त्याच्या खालून ओळखीचा, मातीचा, बदललेला. माझं तोंड गात राहिलं. डोळे व्हरांड्यात गेले. तिथे दाराशेजारी, सगळ्यांत वरती, लाल ठिपका होता.

मास्तरांच्या मनात पाप नव्हतं. त्यांनी साहेबांना नकाशा दाखवला, मला पुढे ओढलं आणि भर सभेत म्हणाले, "आजची मेजवानी या मुलीच्या नकाशामुळे. मी आज पहाटे तीनला बॅटरी घेऊन खुणेवर चालत गेलो आणि बरोब्बर वारुळापाशी पोचलो." साहेबांनी नकाशाकडे एक नजर टाकून टाळ्या वाजवल्या. साहेबांसाठी बोलावलेल्या गावातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. गावात कोणी मेल्याची बातमी आली की होतात तसे. साहेबांनी भाजी दोनदा घेतली.

दुपारी मी घरामागे लाकडांच्या ढिगाशी बसून होते. बाबांपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. ते मला शोधत आले, हात धरून शाळेत घेऊन गेले. शाळा रिकामी होती, कमानीची पानं सुकायला लागली होती. बाबांना थोडंफार वाचता येई. ते नकाशापुढे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, खूप वेळ.

"हे आपलं घर?"

"हो."

"हा येन?"

"हो."

"नाला जास्त वाकवला तू. इथी तो सरळ आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बाकी बरोबर आहे."

मी तेव्हा रडले. रडू थांबेपर्यंत ते तसेच नकाशा पाहत राहिले. निघताना म्हणाले, ताईले तू सांग. मी नाई सांगत.

मी ताईच्या खाटेशी जाऊन सगळं सांगितलं: ठिपका, खुरपं, साहेब. ती डोळे मिटून ऐकत होती. ओठ फुटले होते. मला वाटलं ती आता मरेल आणि ते माझ्या नकाशामुळे असेल.

"सायबानं तरी चवीनं खाल्ल्या काय?" तिने विचारलं.

"दोनदा घेतल्या."

"मसाला होता?"

"लय होता."

"मंग जाऊ दे," ती म्हणाली. "मसाल्यातल्या मले तशाही नव्हत्या पायजे."

पण त्या संध्याकाळी तिने पाणीही उलटून टाकलं, आणि मायने पहिल्यांदा तालुक्याच्या दवाखान्याची गोष्ट काढली. वाटेतल्या नाल्याला पूर होता. बाबा अंगणात फेऱ्या मारत होते.

सकाळी उजाडता उजाडता आमच्या बांधाशेजारचा शेतकरी दारात उभा होता. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, बाबांचं आणि त्याचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. त्याच्या हातात पानांचं पुडकं होतं.

"भाऊ, तुमचा बैल आमच्या बांधीत आला होता," तो म्हणाला.

आमचे दोन्ही बैल त्याच्या अन् बाबांच्या मधोमध बांधलेले, कडबा खात होते.

बाबांनी बैलांकडे पाहिलं. "बरं झालं, तुमच्या नजरेस पडला," म्हणाले, आणि पुडकं घेतलं. तो पाणीसुद्धा न पिता गेला. दुपारपर्यंत आणखी तीन पुडकी आली. एकात कळ्या होत्या, एकात उघडलेल्या छत्र्या, आणि गावातल्या सर्वांत चिकट माणसाच्या पुडक्यात नुसते देठ. लोकांना ताईची दया आली असेल हे खरं. पण नकाशावर आपलं वारूळ आलं नाही, याचाही त्यांना आनंद झाला असावा. मी नंतर पुस्तकं बरीच वाचली. माणसं नुसत्या एका कारणाने चांगली वागल्याचं मला फारसं आढळलं नाही. त्याने सात्यांची चव बिघडत नाही.

मायने भाजी केली. ताई भिंतीला टेकून बसली. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात ठेवला. मग दुसरा. माय उलटीसाठी राखेची टोपली घेऊन शेजारी बसली होती, मी दाराच्या चौकटीला धरून. अर्धी भाकर गेली. ताईने बोटं चाटली आणि टोपलीकडे पाहून म्हणाली, "ते उचल ना माय, जेवताना काऊन समोर ठेवते." माय टोपली घेऊन अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

मला वाढलं तेव्हा मी नको म्हटलं. ताईने आपल्या ताटातली अख्खी कळी उचलून माझ्या भाकरीवर ठेवली. "खा," म्हणाली. "मेहनत तर तूच केली." ती कळी मी खाल्ली. तशी चव मला पुन्हा आली नाही, आणि तिचं श्रेय मी जवसाच्या तेलाला देत नाही.

संध्याकाळी मास्तर आले. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. ते दारात उभेच राहिले, चपला न काढता, आणि माफी मागायला त्यांना शब्द सापडेनात. एरवी त्यांना ते फार सापडत. बाबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि बूड न दुखवता सात्या कशा काढायच्या ते अंगणातल्या मातीत काडी रोवून दाखवलं. कुठे काढायच्या, ते सांगितलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात नकाशा नव्हता.

ताईला होळीच्या आगेमागे मुलगी झाली.

पुढच्या वर्षी मी शाळेची तयारी करत होते तोच बाबांनी झोळी खांद्याला टाकली आणि म्हणाले, "चाल. बैल पाहाले जाऊ." मी पिशवी तिथेच टाकली. नाल्यापर्यंत ते पुढे होते. नाला खरंच तिथे सरळ आहे. येनापाशी ते थांबले आणि मला पुढे होऊ दिलं.

वारुळावर दोनच कळ्या होत्या. बारीक, एकमेकींना टेकलेल्या. मी बोट दाखवलं नाही. बाबांनी वाकून पाहिलं, शेजारचा पालापाचोळा उचलून हलकेच त्यांच्यावर पसरला.

"यंदा नाई तोडाच्या," म्हणाले.

आम्ही वेगळ्या वाटेने, रिकामी झोळी घेऊन घरी आलो. माय वांगी चिरत होती. तिने झोळीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सोलून ठेवलेला लसूण वांग्यात टाकला.