टोलच्या लेनमधले बापूमामा

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हायवेवर अडकले होते, फुकटच्या लेनमध्ये. शेजारच्या टोलच्या लेनमधून गाड्या भुर्रकन निघून जात होत्या... आणि रडू यायच्या आधी मला राग आला. कुणाचा, ते इतके आठवडे झाले तरी ठरत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळा जन्म मलकपेठेत काढला, जामबागच्या एका शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर हा माणूस जरा स्वस्थ बसेल असं मामीला वाटलं होतं. पण हायवेच्या चालू लेनपैकी दोन लेन टोलच्या करणार अशी बातमी आली आणि मामांच्या अंगात वारं संचारलं. नवा रस्ता बांधा आणि खुशाल पैसे घ्या, आमचाच रस्ता कापून आम्हालाच काय विकता, हे त्यांचं म्हणणं. कॉलनीच्या हॉलमध्ये सभा सुरू झाल्या, मामा अध्यक्ष, शेजारचे तेलुगू रेड्डीगारू, म्हणजे आपल्याकडचे रेड्डीराव, त्यांचा उजवा हात. दोघं सिग्नलला थांबलेल्या लोकांना गाठून मत विचारायचे. घोळक्यात विचारलं की सगळे कडाडून विरोधात. एकट्याला गाठलं की माणूस हळूच म्हणायचा, "वैसे... जल्दी घर जाने मिला तो बुरा क्या है जी?" मामा त्याच्यावर डाफरायचे. घरी येऊन मात्र येरझारा घालत राहायचे.

शेवटी लेन झाल्याच. त्याच सुमारास मामीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामासाठी तिला हायवेच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. गाडी गर्दीत अडली की ती ओठ दाबून घ्यायची. एका दुपारी मी मागच्या सीटवर होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. ती कण्हली. मामांनी आरशात तिच्याकडे पाहिलं, खिशातला गॉगल चढवला आणि गाडी टोलच्या लेनमध्ये घातली. पुढे नाक्याजवळ गाड्या क्षणभर थांबल्या, तर टोलच्याच दुसऱ्या लेनमध्ये, अगदी खेटून रेड्डीगारूंची गाडी! दोघांची नजरानजर झाली. मग दोघंही असे समोर बघू लागले, जणू आजच गाडी शिकतायत. मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत.

पुढच्या सभेत मामा स्वतःच उभे राहिले. "उस लेन से मैं गया. घरवाली को दर्द होरा था. फिर जाऊँगा. और वो लेन गलत है बोलके फिर बी लडूँगा."

हॉलमध्ये गलका उसळला. "एक बाजू बोलो ना साब!" कुणी तर मामा विकले गेले म्हणालं.

"दोनों बाजू मेरेइच हैं, क्या करूँ?" मामा म्हणाले. रेड्डीगारू स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. त्यानंतर मामांना सभेचं बोलावणं आलं नाही. संध्याकाळी ते कट्ट्यावर गेले की लोकांना एकदम घरची कामं आठवायची. मामा तिथूनच खचले, असं मला वाटतं. रेड्डीगारूंचं नाव मात्र त्यांनी कधीच कुणापुढे काढलं नाही.

तेराव्याला रेड्डीगारू आले. मामीपुढे हात जोडून, अडखळत मराठीत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी पण होतो त्या लेनमध्ये. सभेत माझ्या तोंडातून निघालं नाही."

मामी म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. तुम्ही याल म्हणून वाट बघायचे."

आता मामीला हॉस्पिटलात मी नेते, मामांच्याच गाडीतून. लेन वेगळ्या होतात तिथे मी तिच्याकडे पाहते. "आज नाही गं दुखत, फुकटच्याच लेननं चल," असं ती दरवेळी म्हणते, आणि तिची मूठ सीटमध्ये रुतलेली असते. एकदा मी चिडलेच. "मामी, मामा स्वतः गेले होते ना त्या लेनमधून?"

"गेले. माझ्या कमरेपायी गेले, आणि सगळी माणसं घालवून बसले."

मी टोलच्या लेनमध्ये शिरते. हॉस्पिटल लवकर येतं. घरी परतेपर्यंत मामी माझ्याशी एक शब्द बोलत नाही.